राखून ठेवलेला उजवा हात

आयुष्यात एकही गोष्ट सुरू न करता नुसत्या संपवत आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका इकडे परदेशात, टाकानिनी उपनगरात, आमच्या कुंपणापलीकडे राहायला आला. मूळचा मेक्सिकोचा, चाळिशीला टेकलेला, पेशा बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्याचा. त्यातही सामन्याचा पहिला चेंडू याने जन्मात फेकला नाही. आधीचा गडी फेकून फेकून दमला, की उरलेलं निस्तरायला ज्याला बोलावतात, तो हा. तोवर बाकावर बसून राहायचं. उभी कारकीर्द त्याने अशी देशोदेशीच्या बाकांवर काढली. एकदा अमेरिकेतल्या मोठ्या संघानेही बोलावलं आणि महिनाभर बसवून, न खेळवताच परत पाठवलं. "बाक मात्र फर्स्ट क्लास होता," एवढंच तो त्याबद्दल म्हणतो.

हीच सवय घरीदारी. आमच्याकडे बार्बेक्यूला बोलावलं, की हा येणार लोक निघायला लागल्यावर. उरलंसुरलं कणीस खाणार, भांडी घासणार आणि गेटची कडी लावून जाणार. ईस्ट टामाकीच्या ऑफिसातून मी मेटाकुटीला येऊन घरी यायचे, अर्धं लॉन कापून मशीन तिथेच टाकायचे, तर चहा होईपर्यंत याने उरलेलं कापलेलं असायचं. तेही एका हाताने, डाव्या.

कारण उजवा हात राखीव. त्या हाताने तो डेअरीतून दूध आणत नसे, दार उघडत नसे, कुणाशी हस्तांदोलन करत नसे. भर उन्हाळ्यात पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि उजव्या हातावर तेवढी लोकरीची बाही. माझी मुलगी म्हणायची, "आई, ही इज वेअरिंग हाफ अ विंटर."

खरं भांडण माझ्या बाबांशी. बाबा पुण्याहून मुक्कामाला आलेले. पूजा झाली की ते कुंपणावरून त्याला खडीसाखर देत, आणि हा रोज डावा हात पुढे करी.

"अरे, प्रसाद डाव्या हातात घेतात का? राइट हँड!" बाबा खेकसायचे.

"सॉरी, बाबा. तो झोपलाय."

मग बाबा साखर कुंपणाच्या फळीवर ठेवून पाठ फिरवत.

"एवढं काय सोनं लागलंय त्या हाताला?" एकदा त्यांनी विचारलंच. तेव्हा कळलं. त्याच्या गावच्या संघाने शब्द दिला होता, की इथला हा उन्हाळा हात टिकला, तर शेवटचा एक हंगाम गावात खेळायचा. तिथे राहणाऱ्या त्याच्या आईने त्याला चेंडू फेकताना कधी पाहिलंच नव्हतं. ज्या एका सामन्याला ती आली, त्यात याला कुणी उठवलं नाही. "ती बसून राहिली, मीही बसून राहिलो," तो म्हणाला.  तरी दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा खेकसलेच.

त्याच्या इथल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याला आम्ही सगळे गेलो. हा नेहमीप्रमाणे अगदी शेवटी मैदानात आला, दोन-चार चेंडू टाकले आणि खांदा धरून खाली बसला. मग स्वतःच उठून बाकापर्यंत चालत गेला. उरलेलं दुसऱ्याच कुणी तरी संपवलं. डॉक्टर म्हणाले, आता फेकणं नाही. आईला काय सांगितलंस, हे माझ्याने विचारवलं नाही. मलाच फार वाईट वाटलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस तो कुंपणाशी फिरकला नाही. माझं लॉन अर्धंच राहिलं. मग एका सकाळी आला, बाही न घालता. बाबा पूजा आटपून बाहेर आले, तसा त्याने आपणहून उजवा हात पुढे केला. तो हात कुंपणाच्या निम्म्या उंचीपर्यंतच वर आला.

"द्या, बाबा. राइट हँड. आता रिकामाच असतो."

 मुठीत साखर तशीच धरून बाबा म्हणाले, "राहू दे त्याला. लेफ्ट चालेल."

तो हसला, पण हात काही मागे घेईना. शेवटी बाबा टाचा उंचावून फळीवर ओणवले आणि जिथवर तो हात आला होता, तिथवर आपला हात खाली नेला.