ओकादा-सानांची उंच खुर्ची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. पण आधी खुर्चीबद्दल बोलू दे, म्हणजे मला तेवढाच वेळ मिळेल.

बँकेनं नवऱ्याला योकोहामाला पाठवलं, तेव्हा आम्हाला टेकडीवरचं एक जुनं घर सामानासकट भाड्यानं मिळालं. घरमालक ओकादा-सान, ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. ऐंशीच्या घरातले, बोटीच्या कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे इंग्रजी छान. किल्ल्या देताना गॅस, ओला-सुका कचरा वगैरे त्यांनी भराभर उरकलं आणि दिवाणखान्यातल्या एका खुर्चीपाशी थांबले ते थांबलेच. अठराव्या शतकात लंडनमध्ये चिपेंडेल नावाचा एक कारागीर होऊन गेला, त्याच्या नमुन्यांवरून पुढे जगभर खुर्च्या झाल्या, त्यातलीच ही एक. त्यांच्या आजोबांनी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडून घेतलेली. गडद महोगनी लाकूड, पाठीला सुरेख जाळी. पाय मात्र सरळ, चौकोनी, त्यांवर नक्षीबिक्षी काही नाही. हे पायांचं लक्षात ठेवा.

लहानपणी हिच्यावर बसलं की पाय लोंबकळायचे, असं ते म्हणाले. मोठं होणं म्हणजे काय, तर इथे बसून पाय जमिनीला टेकणं. एवढीच त्यांची व्याख्या. हे सांगताना दोन बोटं हवेत हलवून त्यांनी ते लोंबणारे पाय दाखवले. मला ते तिथल्या तिथे आवडून गेले.

पुढच्या वर्षी दादरहून सासूबाई आल्या. उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे खाली बसायची सोय नाही. सोफ्यात बसल्या की रुतायच्या. घरात त्यांना पसंत पडली ती नेमकी हीच ताठ पाठीची खुर्ची, पण पाय अधांतरी. संध्याकाळपर्यंत घोटे सुजायचे. मी पाट ठेवला, तर तो लाकडी जमिनीवरून घसरायचा. उशी ठेवली, तर ‘उशीला पाय लावायचे नाहीत’.

मग मी — हो, मीच — एके दुपारी होम सेंटरमधून, म्हणजे हत्यारंबित्यारं मिळतात त्या दुकानातून, करवत आणली.

कशी हिंमत झाली? खरं सांगू, हिंमत लागलीच नाही. आमच्या माहेरी पलंगाचे पाय कापलेत, टेबलांचे वाढवलेत. वस्तू माणसासाठी असते, हे मी दुधाबरोबर प्यायलेय. वाटलं, सरळ तर पाय आहेत, दोन बोटं गेली तर कुणाला कळणार? सासूबाई नातीबरोबर बागेत गेल्या आणि मी खुर्ची आडवी केली. आता जपानी करवत आपल्याकडे ओढताना कापते, आणि मी आपली सवयीनं ढकलतेय! काप तिरके गेले. खुर्ची डुगडुगायला लागली, म्हणून एका पायाची चकती काढली. मग दुसऱ्याची. मग पुन्हा पहिल्याची. दोन बोटं कापायची होती, चार बोटं गेली.

पण सासूबाई बसल्या, आणि दोन्ही तळवे टेकले. त्यांचा चेहरा काय फुलला! ‘आता माझे पाय जपानच्या जमिनीला लागले गं बाई,’ म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मालकांना विचारलंय. लहानसं खोटं, विरघळून जाईल असं.

त्या वर्षी गणपतीला ओकादा-सानांना जेवायला बोलावलं. नवरा आरतीचं ताट घेऊन आत गेलेला, सासूबाई त्या खुर्चीत विराजमान. त्या उठल्या आणि आग्रहानं त्यांना तिथे बसवलं. ते बसले, आणि त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच, जणू चूक त्यांचीच आहे अशा आवाजात मला विचारलं, ‘ही जरा उंच होती ना?’

‘हो’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हटलं, ‘नाही हो. पहिल्यापासून एवढीच आहे.’

सासूबाईंना वाटलं, खुर्चीचं कौतुक चाललंय. त्या हातानं करवत चालवून दाखवत अभिमानानं सांगायला लागल्या, ‘माझ्या सुनेनं कापून दिली हो!’ ओकादा-सानांनी विचारलं, आई काय म्हणतात? मी — अजून सांगताना कान तापतात माझे — मी म्हटलं, त्या म्हणतायत मोदक सुरीनं कापू नका, हातानं खा.

ते खळखळून हसले. हातानं मोदक खाल्ले, तूप कोपरापर्यंत गेलं. आणि म्हणाले, ‘लहानपणच्या वस्तू आठवणीत वाढतात वाटतं.’

तेव्हापासून ते दर गणपतीला येतात. सासूबाई आता येत नाहीत, पण फोनवर त्यांची चौकशी करतात. ओकादा-सान आले की घर भरून जातं. बंदराच्या, बोटींच्या, शेजारच्या परदेशी पोरांच्या गोष्टी सांगतात. माझी मुलगी त्यांच्याशी जपानीत पैजा लावून मोदक खाते. मात्र प्रत्येक गोष्टीच्या आधी ते म्हणतात, माझं फार मनावर घेऊ नका, मला तर ती खुर्चीसुद्धा उंच आठवते. सगळे हसतात. नवऱ्याला वाटतं, पाय कापायला परवानगी दिली त्यावरूनच ते थट्टा करतायत. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसते.

यंदा ते मुलीला त्यांच्या आईबद्दल सांगत होते. आई वारली तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. तिचा चेहराही आठवत नाही, आठवतं ते एकच. ती काखेत हात घालून उचलायची आणि त्या खुर्चीवर बसवायची. एवढं बोलून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. ‘पण एवढ्या बुटक्या खुर्चीवर ती कशाला उचलून बसवेल? मी आपला चढलो असेन,’ असं म्हणाले आणि हसून ताटाकडे वळले.

मी त्यांना आणखी एक मोदक वाढला.

आमच्या देव्हाऱ्याखाली महोगनीचे चार ठोकळे आहेत, त्यातला एक तिरका. निघताना ओकादा-सान तिथे वाकून नमस्कार करतात. खुर्ची उंच होती. त्यांची आई त्यांना उचलूनच बसवत होती.