गल्लीचा सोफा

आमच्या कामठीच्या गल्लीत सोफा एकच होता आणि तो सगळ्यांचा होता. तसा मालकीने तो कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकूंचा. पण कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटलं, की तो त्या घरी जायचा. चार जण उचलायचे आणि काकू मागून ओरडायच्या, "हळू गा, पाय मोडन त्याचा!" सोफ्यापाठोपाठ कुणाकडचे फुलाफुलांचे कप यायचे, कुणाचा टेबलफॅन, कुणाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्या चुकीच्या घरी जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाने पाठीवर आपलं आडनाव रंगवून ठेवलेलं. ते पाहुण्यांना दिसू नये म्हणून वरून चादर टाकायची, ही पण एक रीतच होती. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट सोफा न मागता कुणी पाहुणे बसवले, तर काकू त्या घराशी महिनाभर बोलत नसत.

माझ्या ताईला पाहायला आलेली मौद्याची मंडळी त्याच सोफ्यावर बसली होती. मला कुणी पाहायला येण्याआधी आमची आई गेली आणि मग ते राहूनच गेलं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. आमच्या घराच्या नशिबात तो सोफा एकदाच होता, असं मी समजून चालले होते.

ताईच्या लग्नानंतर काही वर्षांनी भाऊजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. ताई पोरीला घेऊन आमच्याकडे आली आणि वर्षभराने तीही गेली. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर पेशंटचे नंबर पुकारते, रडणाऱ्या बायांना पाणी देते. ताई आमच्याच दवाखान्यात वरच्या वॉर्डात होती. ती गेली तेव्हाही मी खालीच होते, कुणाचा तरी नंबर पुकारत. माझ्या त्या आवाजाचा मला अजून राग येतो.

घरात उरलो तिघं. बाबा, मी आणि ताईची सात वर्षांची पोरगी. ती बाबांना आबाजी म्हणते. बाबांचा सगळा जन्म पावरलूमवर गेला. त्या खडखडाटात बोलायची सवय लागल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलतात; नव्या माणसाला वाटतं, भांडण चाललंय. ताई गेल्यावर मात्र ते हळू बोलायला लागले आणि ते ऐकवत नसे.

ताईच्या तेरवीनंतर दोन्हीकडची मोठी माणसं बसली. पोरीचे काका मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. सरळ माणूस. म्हणाले, "तिथं माह्या दोन पोरी आहेत, त्यातच ही तिसरी. तुमच्या इथं तुम्ही सकाळी जाता, बाबा मागावर जाते. पोरगी शाळेतून आली का कुलुपाशी बसते. हे काही बरं नाही." त्यांचं चुकत नव्हतं. बाबांनी माग सोडला असता तर ते घरी राहिले असते, पण मग माझ्या एकटीच्या पगारात तिघांचं भागलं नसतं. शेवटी ठरलं ते असं: आई-बाप नसलेल्या लेकरांना नातेवाइकांकडेच वाढवायला सरकार दरमहा मदत देतं, त्यासाठी मी अर्ज करायचा. मदत सुरू झाली तर बाबा घरी बसतील आणि पोरगी आमच्याकडे राहील. नाही झाली, तर शाळा उघडण्याआधी ती मौद्याला जाईल.

पोरगी हे सगळं दाराआड ऐकत होती. आत येऊन माझ्या पदराशी खेळत बसली. मला वाटलं, माझी ताईच परत लहान होऊन बसली आहे. मी मनात म्हटलं, हिला मी जाऊ देणार नाही.

दाखले गोळा केले, खेटे घातले, ते सगळ्यांनाच घालावे लागतात. एप्रिलमध्ये कचेरीतून फोन आला, की उद्या दुपारी घराची पाहणी करायला मॅडम येतील. मला पूर्ण दिवसाची सुट्टी मिळेना. बाबांना म्हटलं, "उद्या बाई येणार आहेत, घर पाहायला, पोरीला पाहायला. तुम्ही घरी थांबा, मी अर्ध्या दिवसाने येते." बाबांनी मान हलवली. यापुढे काही सांगायची गरज आहे, असं मला वाटलंच नाही. आपल्या माणसांना आपण पुरते ओळखतो, हाच आपला भ्रम असतो.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून गल्लीत शिरले, तर सगळी दारं उघडी आणि दारांत बाया उभ्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद, जो फक्त एखाद्या मुलीचं जमायला आलं की असतो. काकू म्हणाल्या, "ये वं लवकर, आल्या आहेत त्या. आम्ही काही कमी पडू नाही देलं."

मी दारात पाय ठेवला आणि तिथेच खिळले. समोर सोफा. त्याच्या बाजूला पलीकडच्या घरचा नवा कूलर, घों घों करत. कोपऱ्यात फ्रिज! त्याची वायर बोर्डापर्यंत पोचत नव्हती, म्हणून बाबांनी ती नीट गुंडाळून मागे लपवली होती. खुर्च्यांवर बाबांनी स्वतः मागावर विणलेल्या निळ्या काठाच्या चादरी. बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे, हात जोडून. आणि मध्ये आमची पोरगी, कुणाचा तरी झालरीचा फ्रॉक घालून, दोन वेण्यांना लाल रिबिनी लावून, नवरीसारखी खाली मान घालून बसलेली.

सोफ्यावर बसलेल्या मॅडमनी विचारलं, "इथं आवडतं का तुला?"

"हो."

"जेवायला काय असतं?"

तिला कुणी शिकवलं नव्हतं. "पनीर," ती म्हणाली. "रोज."

गल्लीतल्या बाया कौतुकाने हसल्या. बाबांची छाती फुगली. मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, हे आमचं नाही. सोफा कोपऱ्यावरच्या काकूंचा आहे, कूलर समोरच्यांचा. आमच्याकडे एक खाट आहे आणि एक पंखा, बस."

कुणीतरी दार ओढून घेतलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. घामाने भिजलेल्या होत्या, अजून दोन-तीन घरं करायची असावीत. त्यांनी पोहे खाल्ले नाहीत, नुसतं पाणी घेतलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, असं सगळेच सांगतात हो. जे डोळ्यांनी पाहिलं तेच मला लिहावं लागतं."

त्या गेल्यावर मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"काहून केलं बाबा तुम्ही असं?"

"मंग काय करू? घरी आलेल्या बाईले फाटकी सतरंजी दाखवू? ताई गेली, जावई गेला, आता अब्रू बी घालवू?" बाबाही आपल्या जुन्या आवाजात ओरडले. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी."

"बाबा, ही मूठ उघडायचीच होती. उघडी दाखवायलाच त्यांना बोलावलं होतं!"

बाबा खाटेवर बसले. त्यांना तेव्हा कळलं. त्यांना ते कळायला नको होतं, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले.

संध्याकाळी सोफा परत गेला. एरवी तो परत जाताना गल्लीत केवढी चेष्टामस्करी चालायची, कुणी म्हणायचं नवरदेवापेक्षा सोफाच देखणा आहे. त्या दिवशी चौघांनी तो मुकाट्याने उचलला. काकू पायांकडे लक्ष ठेवा म्हणून ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमाले काय माहीत वं बाई. आम्ही आपलं पोरीचं भलं व्हावं म्हणून केलं." त्यांच्यावर मी कशी रागावणार? ताईच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं आणि तेव्हा भलं झालं होतं.

रात्री पोरगी माझ्या कुशीत आली. म्हणाली, "मावशी, आपण पसंत पडलो का?"

मी म्हटलं, "झोप."

पसंत पडलो नाही. घरची परिस्थिती बरी असल्याने मदतीची गरज दिसत नाही, असं काहीसं कचेरीत सांगितलं. मी पुन्हा अर्ज केला, हातापाया पडून फेरपाहणी मागितली. त्यांनी नाही म्हटलं नाही. होईल म्हणाले, पण कधी ते सांगता येत नाही. इकडे जून संपत आला. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, तेवढीच काय ती सवलत.

काका न्यायला आले, तेव्हा बाबा घरात नव्हते. सकाळीच मागावर निघून गेले होते, सुट्टी असून. पोरीच्या पिशवीत त्यांनी निळ्या काठाची एक चादर घडी करून ठेवलेली होती. मी निरोप देताना रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि बसस्टॉपवर सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. पोरगीच माझी समजूत काढायला लागली. "रडू नको न मावशी. मी मजेत राहीन तिथं. तू पाहाले ये." बस गेली. मी तिथून दवाखान्यात गेले आणि दिवसभर नंबर पुकारले.

तान्ह्या पोळ्याला येते, असं आधी फोनवर कळवून मी मौद्याला गेले. पोरं त्या दिवशी लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. तिचा बैल आमच्याकडेच राहिला होता. बाबांनी त्याला नवा रंग दिला, शिंगांना बेगड लावली. स्वतः मात्र आले नाहीत. म्हणाले, "तिनं विचारलं का सोबत येऊ म्हणून, तं मी काय सांगू?"

घर सापडायला थोडा वेळ लागला. काकांचं ठेकेदाराकडचं काम सुटलं होतं, हे मला तिथल्या पानठेल्यावर कळलं. त्यांनी आम्हाला कळवलं नव्हतं. ते आणि पोरीची काकू मजुरीला गेले होते, चुलत बहिणी बैल घेऊन गल्लीत. ही एकटी दारात उभी होती. तिचे केस मुलासारखे कापले होते. वेण्या घालायला कुणाला वेळ असणार? फ्रॉक आमच्याकडून नेलेलाच जुना, गुडघ्यांच्या वर गेलेला. मला पाहून ती धावत आली नाही. "ये मावशी, बस," म्हणाली आणि आत पळाली.

खोलीत एक खाट, कपड्यांची दोरी, चूल. आणि बरोबर मध्यभागी एक खुर्ची, तिच्यावर निळ्या काठाची चादर अंथरलेली. तिने ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास आणला, दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता. माझ्यासमोर उभी राहिली. माझीच पोरगी मला पाहुण्यासारखं पाणी देत होती.

"कसं आहे वं इथं?"

"मस्त."

"जेवायला काय असतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सगळंच असते," ती म्हणाली.

मी मागे टेकले तशी चादर सरकली. पाठीवर पिवळ्या रंगात कुणाचं तरी आडनाव होतं. काकांचं नव्हतं. मी चादर हळूच वर ओढून होती तशी केली. तिने पाहिलं की नाही, मला माहीत नाही. तिचं लक्ष मी आणलेल्या बैलाकडे होतं. शिंगांवरची बेगड बोटाने चाचपत ती म्हणाली, "आबाजीले सांगशील न, मी मजेत आहे म्हणून?"

"सांगीन."

काका-काकू येईपर्यंत थांबले असते, तर काय बोलले असते? तिला नेते म्हणाले असते, तर कुठे नेलं असतं, त्याच कुलुपाशी? फेरपाहणीचं अजून काही कळलं नव्हतं. परतीच्या बसचं कारण सांगून मी उठले.

ती एकदम पुढे आली आणि तिने माझा हात धरून मला पुन्हा खाली बसवलं.

"आताच नको न जाऊ, मावशी," ती म्हणाली. "खुर्ची सांजेपर्यंत आहे आपल्याजवळ."