तिरुनीलक्कुडीची बस का सुरू होईना

दुरुस्त केलेली गाडी सुरू झाली नाही, की तिला हात लावणारे सगळे निर्दोष आणि पेट्रोल मात्र गुन्हेगार, ही रीत ज्या कोणी पाडली त्याने आमच्या कुंभकोणमचं फार नुकसान केलं आहे. चूक शोधायची सोडून माणसं कारणं शोधतात! मग त्या कारणांचे किस्से मोडक्या स्प्रिंगांसारखे शेडच्या कोपऱ्यात साचत जातात. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत.

माझ्याकडचे बहुतेक एकाच बसचे आहेत.

बस माझ्या मामांची. कुंभकोणम ते तिरुनीलक्कुडी एवढाच तिचा मार्ग. पण त्या गावच्या मुली तिच्यातूनच आमच्या हायस्कुलात येत. स्वतंत्र देशातली एकही मुलगी अडाणी राहता कामा नये, असं मी कॉलेजच्या सभांतून तावातावाने सांगत होतो आणि इकडे इंजिन निकामी झाल्यामुळे त्या मुली घरी अडकल्या होत्या. शेवटी मामांनी लष्कराच्या मोडीतल्या लॉरीचं इंजिन आणलं. दाजीराव मिस्त्रींनी ते सगळं सुटं केलं, रिंगा बदलल्या, पुन्हा जुळवलं आणि बसमध्ये चढवलं. सोमवारी परवान्याचे साहेब पाहणीला येणार होते. बस चालली नाही तर मार्गाचा परवाना रद्द!

ड्रायव्हर आरुमुगमने हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, कार्बोरेटरमधून फाडकन बार उडाला आणि सगळं शांत.

"इंजिन बरोबर आहे," दाजीराव हात पुसत म्हणाले. "लष्करातलं आहे ना, साध्या माणसांचं ऐकायची सवय नाही त्याला."

*

मी बी.एस्सी. झालेलो. म्हटलं, एकेक गोष्ट तपासू. आधी स्टार्टर.

स्टार्टर घरघरत होता, कारण त्याचं पितळी बुश झिजलं होतं. मद्रासहून नवं मागवायला वेळ नव्हता, म्हणून मी स्वामीमलैला गेलो. तिथले स्थपती देवाच्या मूर्ती ओततात, त्यांना एक साधी नळी काय जड!

त्यांनी जुनं बुश डोळ्यांसमोर धरलं, माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवं हातात ठेवलं. माप अगदी तंतोतंत. फक्त बाहेरून सगळीकडे कमळाच्या पाकळ्या!

"अहो, हे आत बसायचं आहे. कोणाला दिसणारसुद्धा नाही!"

"म्हणून काय झालं? देवाच्या पाठीलाही आम्ही जानवं कोरतोच."

"पण पाकळ्यांमुळे ते आत शिरणार नाही!"

स्थपतींनी कानस माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "घासा मग. पण जरा तिकडे तोंड करून घासा."

बुश बसलं. स्टार्टर सुरेख फिरू लागला. इंजिन खोकलं, बार उडाला, शांत.

*

मग पेट्रोल. कार्बोरेटर उघडला तर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटच्या तोंडाशी लाल धाग्याचं टोक. ओढलं, तर येतच राहिलं!

आमच्या शेडमध्ये हात पुसायला, भांडी पुसायला, सगळ्याला दारासुरम्‌च्या विणकरांकडचं रेशमाचं उरलंसुरलं सूत येतं. मामांना त्याचा केवढा अभिमान. "आमची गाडी रेशमाशिवाय पुसत नाहीत," असं ते पाहुण्यांना सांगत.

सूत टाकायला आलेल्या विणकरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो पेट्रोलमध्ये भिजलेला धागा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

मी म्हटलं, "पाहा, यामुळे गाडी अडते!"

"अडेल नाहीतर काय," त्या म्हणाल्या. "हा रंग आता कोणी नेसतं का?"

कार्बोरेटर साफ झाला. इंजिन खोकलं, बार उडाला, शांत.

*

राहिली ठिणगी. मी प्लग काढून त्याची वायर जोडली, तो इंजिनावर आडवा ठेवला, आरुमुगमने हँडल फिरवलं. निळी, सणसणीत ठिणगी!

"कुठाय?" मामा चष्मा वर करून वाकले. त्यांना कुठलीही गोष्ट दाखवायची म्हणजे बोटानेच दाखवायला हवी असते. त्यांनी स्वतःचंच बोट पुढे केलं.

मामा मागे उडाले ते टायरच्या ढिगावर जाऊन बसले. आम्ही धावलो. त्यांनी उपरणं सावरलं, श्वास घेतला आणि निकाल दिला:

"वीज उत्तम आहे. त्याबद्दल दाजीरावांना कोणी बोलायचं नाही!"

*

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवा दाबली जाते आहे, तरी सुरू होत नाही. रविवारी मी म्हटलं, ओढून पाहू. जोरात ओढली आणि गिअर टाकला की कदाचित घेईल.

एवढी मोठी बस ओढायची सवय गावात फक्त देवाचा रथ ओढणाऱ्यांना. आरुमुगम त्यांना दोरासकट घेऊन आला. पंचवीसतीस माणसं लागली आणि बस डुलत डुलत निघाली. अगदी रथासारखी. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची, कारण त्यांचे पाय तिथे आपोआप थांबतात! कोणी तरी नारळही फोडला.

मी शेजारून पळत ओरडत होतो, "जोरात! अहो, पळा जरा!"

दोराच्या टोकाशी असलेले आजोबा थांबले. त्यांच्यामागे सगळेच थांबले.

"तंबी, बाळा," ते शांतपणे म्हणाले, "देवाला घेऊन कोणी पळतं का?"

देवळाभोवतीच्या चारही रस्त्यांची प्रदक्षिणा पुरी करून बस होती तिथेच परत आली. इंजिन थंडगार.

*

सोमवार उजाडला. साहेब यायला थोडा वेळ होता. गाडी निघेल त्या वेळी पूजा व्हावी म्हणून मामांनी देवळातल्या गुरुक्कळांना आधीच बोलावलं होतं. ते ताट घेऊन बाकावर बसले होते आणि दर थोड्या वेळाने उन्हाकडे पाहत होते. त्यांना अजून दोन घरं करायची होती.

मी प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारी टोपी उघडली आणि आरुमुगमला हँडल हळू फिरवायला सांगितलं. आतला रोटर फिरू लागला. डावीकडे!

"दाजीराव, वायरी कोणत्या क्रमाने लावल्यात?"

"एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"क्रम बरोबर. पण कोणत्या दिशेने?"

कोणत्या हाताने जेवता असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रदक्षिणेच्या!"

जुन्या इंजिनाचा रोटर उजवीकडे फिरायचा. या लष्करी इंजिनाचा डावीकडे. सहांतल्या दोनच प्लगांना वेळेवर वीज मिळत होती, म्हणून दोनदा खोकून बार उडत होता!

"उलट्या लावा," मी म्हटलं.

"डावीकडून आम्ही फक्त पितरांच्या कामात फिरतो. या गाडीत जिवंत माणसं बसतात. माझा हात लागायचा नाही."

मी विज्ञान सांगितलं, मामांनी परवान्याची आठवण करून दिली. दाजीरावांनी हात पाठीमागे बांधून घेतले. शेवटी मीच चार वायरी बदलल्या. आरुमुगमने पहिल्याच झटक्याला हँडल सोडून उडी मारली, इतकं ते इंजिन गरजलं! साहेब आले, बसमधून एक फेरी मारून आले आणि सही करून गेले.

मामांचे डोळे भरून आले. मी दाजीरावांना म्हटलं, "चला, पहिली फेरी तुमच्या गावाला!"

"मी बसणार नाही," ते म्हणाले. "आणि गावात कोणी विचारलं तर का ते सांगेन."

दाजीराव तिरुनीलक्कुडीचे. त्यांनी एक शब्द टाकला असता तर एकाही आईने मुलीला या बसमध्ये चढू दिलं नसतं. परवाना असून बस रिकामी धावली असती. मी पुन्हा भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुक्कळ ताट घेऊन उठले. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, टोपी उघडायला लावली, हँडल फिरवायला लावलं आणि बॉनेटमध्ये डोकं घालून रोटरकडे नीट पाहिलं.

"दाजीराव, हे तुम्ही वरून बघताय," ते म्हणाले. "खालून पाहिलंत तर प्रदक्षिणाच आहे. सरि, झालं तर मग, नारळ कुठाय?"