सतरा वेळा वाचलेली सूचना

...नळ येऊन गेला होता, अंगण झाडून झालं होतं आणि मी करंज्यांच्या डब्याला सुतळी बांधत होते. मागच्या मंगळवारची सकाळ. सगळं रोजच्यासारखंच... फक्त सुतळीची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी नागपूरला लेकीचं डोहाळजेवण होतं. तिने फोनवर बजावलं होतं, "आई, पहिली ओटी तू भरायची. नाहीतर मी पाटावर बसणारच नाही."

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईने ओटी भरायची पद्धत नाही. तिने मागे बसायचं, कोण जेवायचं राहिलं ते बघायचं. मी लेकीला म्हटलं, "बघू." माझं "बघू" म्हणजे "नाही", हे तिला दुसरीत असल्यापासून माहीत आहे.

ओटीच्या वेळी गुडघा दुखतो म्हणावं का ताप आला म्हणावं, असं मनात जुळवत वणी स्टेशनवर पोचले... आणि देवच पावला. गाडी रद्द! आता खोटंही बोलायला नको.

खिडकी बंद होती. शेजारी एक कागद चिकटवलेला आणि त्याच्यासमोर पंचवीस-तीस माणसं माना वर करून उभी. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचून टाकलं. "या बनावटीचे सर्व डबे सुरक्षेच्या दृष्टीने दुरुस्तीसाठी सेवेतून काढण्यात आले आहेत. तपासणी पूर्ण झाल्यावर गाडी पूर्ववत धावेल."

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात ओतायच्या आधी मी पुडीचा कागद वाचायची आणि ह्यांचा चहा तिकडे उकळून आटायचा. "आज काय छापलं साखरेत?" म्हणायचे आणि ऐकत बसायचे. ते गेल्यापासून मी मनातच वाचते. मोठ्याने वाचायला समोर ऐकणारं कोणी लागतं ना...

त्या दिवशी ऐकणारे इतके मिळाले की विचारू नका. प्रत्येक ऑटोतून नवीन माणसं उतरायची, जुनी माणसं माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

कागदाच्या खालच्याच बाकावर बसले होते. नाकावर चष्मा, हातात पेन आणि ओटीच्या सामानाची यादी. तासाभरात मी मावशीची ताई आणि ताईची मॅडम झाले. एक जण तर मला रेल्वेचीच समजून तापला, "मॅडम, आधी सांगायले काय झालतं तुम्हाले?"

दुसरा एक फेटेवाला वाकून म्हणाला, "माह्यं नाव लिवून घ्या न. गाडी निंघाली का बोलवजा."

"दादा, ही खारका-सुपारीची यादी आहे."

"असू द्या न. जागा हाये खाली."

काय झालं मला कोण जाणे, मी लिहिलं. मग रांगच लागली. हळकुंडांच्या खाली चौदा नावं... गावांसकट. कोणी राळेगावचं, कोणी झरी जामणीचं.

मग सकाळपासून पलीकडे बसलेली, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी येऊन शेजारी टेकली. सोबतचे तिला याडी म्हणत होते, म्हणजे आई. मीही याडीच म्हटलं. तिने माझ्याकडून कागद तीनदा वाचून घेतला.

"म्हंजे भंगारात नाही टाकली गाडी?"

"नाही याडी. तपासून परत धावणार, असं लिहिलंय."

"मंग ठीक." तिने पिशवीतून सुपारी काढली. "तू कुठं निंघाली?"

सांगितलं, आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "बरं झालं, गाडी नाही ते."

"काहून?"

मग तेही सांगितलं. ज्या माणसाला पुन्हा भेटायचं नसतं, त्याला सांगता येतं. तिने माझ्या पिशवीत सरळ हात घातला. खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी.

"सामान तं सारं आणलं."

"ते विहीणबाईंच्या हातात देणार होते. त्या भरतील."

याडीने पुरचुंडी परत पिशवीत ठेवली. "माह्या बुढ्याले जाऊन बारा वर्सं झाले. तीन पोरींच्या ओट्या म्या भरल्या. नातू पाह्य एकेक, गोऱ्हे हायेत गोऱ्हे!" मग कागदाकडे बोट केलं. "सकाळपासून सतरा डाव वाचलं तूनं. साऱ्या टेसनाले समजलं. तुलेच नाही समजलं काय?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. भंगारात नाही, परत धावणार. आयुष्यभर मिळेल तो कागद वाचणारी बाई मी... आणि जिला अक्षर येत नाही तिने मला वाचून दाखवलं.

"ऊठ. एसटी हाये न."

एसटीत मला मळमळतं, म्हणूनच तर मी गाडीने जाते. तेही सांगून पाहिलं. तिने माझ्या मुठीत लिंबू कोंबलं. उठले तर फेटेवाले दादा मागे धावले, "मॅडम, तुम्ही चालल्या तं आमची यादी?"

"यादी माझ्याजवळच आहे," म्हटलं. खोटं नव्हतं ते.

वरोऱ्यापर्यंत लिंबू हुंगत गेले. पुढे झोप लागली. याडीला नाव विचारायचं राहूनच गेलं. चौदा नावं लिहिली आणि नेमकं तिचं नाही.

बुधवारी मी यादी मोठ्याने वाचत लेकीची पहिली ओटी भरली... खण, नारळ, तांदूळ, खारका, सुपारी, हळकुंड, आणि वाचण्याच्या भरात खालची दोन नावंसुद्धा, गावांसकट.