खांबाभोवतीची जर्मन पोस्टरं

दुबईत तेव्हा ऑपेराचं एक मोठं थिएटर बांधायचं ठरलं होतं. जागेवर अजून वाळूच होती, पण पहिल्या सीझनची पोस्टरं आधीच तयार हवी होती, आणि ते काम आमच्या एजन्सीकडे आलं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या ऑफिसात तोवर मी फक्त टॉवर विकत होते. न बांधलेल्या इमारतीमागे निळं आकाश टाकायचं, पायथ्याशी पाणी, बाल्कनीत हसणारं जोडपं आणि त्यांचं एक मूल. पुण्यात कमर्शियल आर्ट शिकले त्याचा एवढाच उपयोग चालला होता. कॉम्प्युटरवर मी इतकी खजुराची झाडं लावली होती की डोळे मिटून लावू शकले असते.

ऑपेराच्या कामासाठी एक जर्मन डिझायनर आणला गेला. साठीचा, उंच, किंचित वाकलेला. जर्मनीतल्या एका मध्यम शहरातल्या थिएटरची पोस्टरं त्याने आयुष्यभर केली होती. एसी त्याला सहन व्हायचा नाही म्हणून तो खिडकीजवळच्या उन्हात खुर्ची ओढून बसायचा. पहिल्याच मीटिंगला त्याने पुठ्ठ्याच्या लांब नळीतून आपली जुनी पोस्टरं काढली आणि टेबलावर पसरली.

मी तसलं काही पाहिलं नव्हतं. एका पांढऱ्या कागदावर मधोमध फक्त शर्टाची कॉलर होती. मान नाही, डोकं नाही. दुसरं सगळं काळं, आणि डाव्या कडेतून एका पांढऱ्या कपड्याचं टोक आत येत होतं. तिसऱ्यावर नुसती अक्षरं होती, पण त्यांचे पाय कापलेले, त्यामुळे ती बुडत असल्यासारखी वाटायची. कुठेही नटाचा चेहरा नाही, गायिकेचं नाव मोठं नाही. थिएटरचं नाव तळाला, मुंगीएवढं.

आमच्या मॅनेजरने विचारलं, "पण यात ऑपेरा कुठे आहे?"

"आत," तो म्हणाला. "थिएटरमध्ये."

मी केलेलं पहिलं पोस्टर म्हणजे लाल पडदा, सोनेरी अक्षरं आणि तोंड उघडून गाणारी बाई. त्याने ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हे सगळं तिकीट काढल्यावर दिसणारच आहे. आधी कशाला दाखवतेस?" दुसऱ्या दिवसापासून त्याने मला कॉम्प्युटरवरून उठवलं आणि ब्लेडने कागदाची अक्षरं कापायला बसवलं. कापताना तो त्यांच्याकडच्या रस्त्यांची गोष्ट सांगायचा. तिकडे चौकाचौकात जाहिरातींचे जाडजूड गोल खांब असतात, पोस्टरं त्यांच्यावर लावतात. खांब गोल, त्यामुळे अख्खं पोस्टर कुणालाच एकदम दिसत नाही. ट्रामची वाट पाहणारा माणूस कंटाळून खांबाभोवती फिरतो आणि त्याला ते तुकड्यातुकड्याने दिसतं. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा उभा राहिला पाहिजे, असं तो म्हणायचा. मला ते पटायचं, पण कळत नव्हतं. माझी पोस्टरं हायवेच्या कडेला सपाट उभी राहायची आणि लोक ताशी एकशेवीसने त्यांच्यासमोरून जायचे.

२००८ सरत आलं, जगभर मंदी पसरली, तेव्हा एका सकाळी ऑपेराचं काम होल्डवर गेलं. "जानेवारीत परत सुरू, इन्शाल्ला," मॅनेजर म्हणाला. जर्मन माणसाने मात्र त्याच आठवड्यात सामान बांधलं. पोस्टरांची ती नळी त्याने माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. "तिकडे माझ्याकडे यांच्या प्रती आहेत. तुला नको असतील तर टाकून दे." पुढच्या महिन्यात आमचं अर्धं ऑफिस रिकामं झालं. त्या अर्ध्यात मी होते.

खरी अडचण त्यानंतर आली. माझा नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनियर होता. कामं अर्धवट पडली, मालक एका शुक्रवारी देश सोडून गेला आणि बुडालेल्या पैशांसाठी कंपनीवर केस उभी राहिली. मालकाने कधीतरी सोयीसाठी कंपनीच्या लायसन्सवर मॅनेजर म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव घातलेलं होतं. त्याचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला. केस संपेपर्यंत देश सोडता येणार नव्हता, आणि व्हिसा संपल्यावर दुसरी नोकरीही धरता येईना. माझा आणि मुलीचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर अवलंबून होता. आम्ही दोघी गेलो असतो तर परत त्याच्याजवळ येता आलं नसतं. म्हणून तिघंही शारजात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहिलो.

बाहेरून बघणाऱ्याला आम्ही अडकलोय असं वाटलं नसतं. खिडकीतून खाडी दिसायची, संध्याकाळी कारंजं सुरू व्हायचं, मुलगी शाळेत जायची. मी घरूनच रेस्टॉरंटची मेन्यूकार्डं आणि दुकानांचे बोर्ड करून देऊ लागले. नवरा मात्र घरात फिरायचा. हॉलच्या मधोमध इमारतीचा एक गोल काँक्रीटचा खांब होता, कोणत्याही फर्निचरच्या आड येणारा. त्याच्याभोवती तो सकाळपासून चकरा मारायचा. तारखेला कोर्टात जायचा, पुढची तारीख घेऊन यायचा आणि परत फिरायला लागायचा.

"बाहेर तरी जाऊन ये जरा," मी म्हणायचे.

"बाहेर जाऊन कुठे जाणार?" तो म्हणायचा. बाहेरही तेच होतं, फक्त जरा मोठं.

एक दिवस कपाट आवरताना ती नळी हाताला लागली. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी नव्हती. मी काळं पोस्टर घेतलं, ते पांढऱ्या कपड्याचं टोक आत येणारं, आणि चिकटपट्टीने त्या खांबाला गुंडाळलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. खांब डोळ्यांना खुपायचा, एवढंच होतं बहुतेक. दुपारी नवरा चकरा मारताना मध्येच थांबला.

"इकडून काहीच नाही, नुसतं काळं," तो म्हणाला. "आणि तिकडे गेलं की ते पांढरं येतं."

"मग?"

"मग परत जातं." तो पुन्हा एक फेरी मारून आला. "कोणी बाई आहे का ती?"

"मला माहीत नाही."

"त्याने सांगितलं नाही तुला?"

"त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, मी फक्त टोक काढलं."

नवरा पहिल्यांदाच जरासा हसला. मलाही तेव्हा कळलं, तो जर्मन खांबाचं काय सांगत होता ते. पुढे मी पोस्टरं बदलत गेले. कॉलरचं त्याला आवडलं नाही. "हे काढ. मला गुदमरल्यासारखं होतं," असं म्हणून त्याने ते स्वतःच सोलून काढलं. बुडत्या अक्षरांचं मुलीला आवडायचं. ती त्यातली अक्षरं मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "आई, धिस इज नॉट इव्हन अ वर्ड." जर्मन शब्द होता, पण आम्हाला कुणालाच येत नव्हता.

माझे सासरे पुण्यात होते. बँकेतून रिटायर झालेले, पण नाटकवाले म्हणूनच ओळखले जायचे. हौशी नाटकांना ते प्रॉम्प्टर असायचे. विंगेत उभं राहून नाटकाची वही धरायची आणि नट अडकला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. स्टेजवर ते कधीच आले नाहीत. सवय अशी की घरीही कुणी बोलताना थांबलं की शब्द पुरवायचे. केसचं आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं. दर शुक्रवारी फोनवर ते विचारायचे, "कधी येताय?"

"बाबा, सध्या इकडे जरा…" नवरा म्हणायचा आणि थांबायचा.

"काम जास्त आहे," ते पलीकडून म्हणायचे.

"हो. काम जास्त आहे."

त्यांना सगळं ठाऊक होतं का, हे आम्ही पुष्कळदा एकमेकांना विचारलं. उत्तर मिळण्याआधीच ते गेले. सकाळी चहा पिताना, बसल्या जागी. माझ्या दिराचा फोन आला तेव्हा नवरा खांबापाशीच होता. फोन ठेवून त्याने एकदा दाराकडे पाहिलं, जणू चप्पल घालून निघायचंच आहे. मग खाली जमिनीवर बसला. वकिलाला मी फोन लावला. थोड्या दिवसांसाठी पासपोर्ट मिळेल का, विचारलं. तो भला माणूस होता. "मॅडम, अर्ज करतो. पण आशा ठेवू नका," असं म्हणाला. अर्ज झाला आणि नामंजूरही झाला. तोवर पुण्यात सगळं उरकलं होतं.

शेजारी रत्नागिरीकडच्या भाभी राहायच्या. त्यांना मुलीकडून कळलं. डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आज गॅस पेटवू नका. जेवण माझ्याकडनं येईल." त्या नवऱ्याजवळ बसल्या. त्यांच्या वडिलांच्या वेळी त्या अशाच इथे राहिल्या होत्या, प्रसूती जवळ आली होती म्हणून. "माती द्यायला मिळाली नाही, भाऊ. ते मनातनं जात नाही. पण माणूस जेवतो, खातो, जगतो," असं त्या म्हणाल्या. नवरा तेव्हा पहिल्यांदा रडला.

काही दिवसांनी सासऱ्यांच्या नाट्यसंस्थेतल्या काकांचा फोन आला. शोकसभा ठेवली होती. सूनबाई आर्टिस्ट आहे, तेव्हा बोर्ड तिनेच करावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी सवयीने कामाला बसले. मध्ये हसरा फोटो, मागे मावळता सूर्य, समई, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नवऱ्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा तर तुझ्या टॉवरसारखाच झालाय." त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं, पण मी फाइल बंद केली.

मग मी टेबलावर कागद आणि ब्लेड घेतलं. पुष्कळ कागद वाया गेले. जर्मन अक्षरं सुटी असतात, त्यांचे पाय कापता येतात, ती इकडेतिकडे फेकता येतात. आपली अक्षरं रेघेला लटकतात. रेघ काढून टाकली की ती अनाथ दिसतात. तेच करून बघत होते, आणि एकदा उलटं केलं. रेघ काढून टाकायच्या ऐवजी लांबवली. अख्खं पोस्टर पडद्याच्या गडद मरून रंगाचं ठेवलं. उजव्या कडेला एक उभी, उजेडाची बारीक फट, विंगेसारखी. तिथे, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, सासऱ्यांचं नाव लहान अक्षरांत. आणि त्या नावाची शिरोरेघ तशीच पुढे नेली, रिकाम्या स्टेजवरून, पार डाव्या कडेपर्यंत.

नवरा मागे उभा होता. त्याने त्या रेघेवरून पार शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाला, "पाठव."

संध्याकाळी काकांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकरवर टाकला.

"पोस्टर बघितलं रे. चांगलं आहे. पण फोटो कुठाय? कोण गेलं ते लोकांना कळायला नको का?"

"काका, इतकी नाटकं केलीत. एकाच्या तरी जाहिरातीत बाबांचा फोटो होता का?"

"नाही. प्रॉम्प्टरचा कोण छापतो?"

"मग आताही नको."

"अरे, पण हार कशाला घालायचा?"

"खुर्चीवर ठेवा एका."

कित्येक महिन्यांत मी त्याला असं ठाम बोलताना ऐकलं नव्हतं. कोर्टात, वकिलाकडे, फोनवर तो नेहमी मान खाली घालून 'हो' म्हणायचा.

सभेच्या वेळी दिराने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आम्ही इकडून ऐकलं. पंख्याचा आवाज, खुर्च्या सरकण्याचा आवाज, मध्येच एखादं वाक्य स्पष्ट. एक म्हातारा नट सांगत होता की दुसऱ्या अंकात तो कायम अडकायचा, आणि बरेचदा मुद्दाम अडकायचा, कारण यांचा आवाज ऐकला की धीर यायचा. नवरा स्पीकरवर टाकलेला फोन हातात घट्ट धरून बसला होता. मुलगी त्याच्या पाठीला टेकून चित्र काढत होती.

नंतर दिराने फोटो पाठवला. पोस्टर एका कोपऱ्यात वळलं होतं, आणि त्याच्या खाली कुणीतरी सासऱ्यांचा आयकार्डवरचा छोटा फोटो टाचणीने लावला होताच. मला रागच आला.

"राहू दे," नवरा म्हणाला. "कुणाला तरी बघावंसं वाटलं असेल."

मी ते डिझाइन त्या जर्मन माणसाला मेल केलं, कशासाठी केलं तेही लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. त्यात सांत्वन होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की रेघ अजून बारीक चालली असती. मी फाइल उघडून बघितली. त्याचं बरोबर होतं.

केस पुढे रेंगाळली. मुलगी दोन इयत्ता वर गेली, खाडीकाठी नवीन दुकानं आली, माझ्याकडे मेन्यूकार्डांचं काम वाढलं. नवऱ्याच्या चकरा बंद झाल्या नाहीत, पण तो मला अक्षरं कापायला मदत करू लागला. इंजिनियरचा हात, माझ्यापेक्षा सरळ कापायचा. मालकाच्या भावाने शेवटी काहीतरी तडजोड केली आणि एके दिवशी वकिलाचा फोन आला, "खलास. येऊन घेऊन जा." पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात होता. नवऱ्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

निघायच्या दिवशी एअरपोर्टवर आमच्या मागे मोठी रांग होती. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, स्क्रीनवर काहीतरी पाहिलं, शिक्का मारला आणि परत दिला. त्याला त्यात विशेष काहीच नव्हतं. नवरा मात्र काउंटर ओलांडून दोन पावलांवर थांबला आणि वळून उभा राहिला, कुणीतरी परत बोलावेल म्हणून. रांग अडली. "यल्ला, यल्ला," अधिकारी पुढे व्हायची खूण करत म्हणाला.

मुलीने त्याचा हात ओढला. "बाबा, मूव्ह. पीपल आर वेटिंग."

"हो, हो," तो म्हणाला, आणि तिच्या मागे चालू लागला.