माझ्या मागे एक जण आहे

शालन गेल्याचं मला खालच्या मजल्यावरच्या भाभींच्या फोनवर कळलं. अमेरिकेहून तिचा भाऊ बोलत होता. "विमलताई, ताई गेली. झोपेतच. काल सगळं आटोपलं." आणि लगेच पुढे म्हणाला, "मुलुंडचा ब्लॉक काढून टाकायचाय. किल्ली तुमच्याकडेच आहे ना? चांगलं गिऱ्हाईक असेल तर बघा." झालं. मैत्रीण गेली, आणि त्याच फोनवर तिच्या घराला गिऱ्हाईक शोधायचं कामही माझ्या गळ्यात पडलं. याला दीड महिना झाला. रडू आलं, नाही असं नाही; पण खरं सांगते, त्याच्या आधी राग आला. तो जुनाच होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात, ते मला आज जमणार नाही.

आम्ही दोघी भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो. घरं मूळची मालवणकडची, वडील दोघींचेही गिरणीत. ती नर्स झाली, मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले. लग्न दोघींचंही राहून गेलं. तिचं धाकट्या भावाच्या शिक्षणापायी, माझं... जाऊ दे. मुलुंडला सोसायटी होत होती तेव्हा समोरासमोरचे दोन ब्लॉक घेतले. म्हातारपणी सकाळचा चहा तिच्याकडे आणि रात्रीची पेज माझ्याकडे, इथपर्यंत ठरलेलं होतं. मतदानालाही आम्ही कायम बरोबर. ती ड्यूटीवरून येईपर्यंत मी रांगेत नंबर धरायची आणि मागच्या बाईला सांगून ठेवायची, "माझ्या मागे एक जण आहे हं." ती यायची घामाघूम, केसांत अजून टोपीच्या पिना. बायका कुरकुरल्या की म्हणायची, "अहो, पेशंट काय इलेक्शन बघून आजारी पडतात?" सगळ्या हसायच्या आणि तिला जागा द्यायच्या.

अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "पाच-सहा वर्षं, विमे. भावाचं मार्गी लागलं की आलेच." मी तिच्या ब्लॉकची किल्ली ठेवून घेतली. दर रविवारी खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ द्यायचं. मधे मला कुडाळच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं. गेले नाही. ती परत येईल आणि समोरच्या माझ्या दाराला कुलूप बघेल, हे मला नको होतं.

एका मे महिन्यात सुट्टीवर आली ती एक पातळसं पुस्तक घेऊन. "आमच्या हॉस्पिटलात परीक्षा आहे गं, त्यांच्या राज्यकारभारावर. तू घे ना अभ्यास, तुझाच विषय." मला तेवढंच हवं होतं. रोज दुपारी गॅलरीत चटई टाकून बसायचो, मधे फणसाचे गरे. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. "असं का?" मी विचारायची. "कारण सगळ्या चाव्या एकीच्या कमरेला दिल्या की ती घरात कुणाला जगू देत नाही," ती म्हणायची. न्यायाधीश तिथे तहहयात असतात हे मात्र तिला पटेना. "म्हणजे आमच्या जुन्या मेट्रनसारखं. मरेपर्यंत खुर्ची सोडणार नाही." त्यांची घटनाही आपल्यासारखी 'आम्ही लोक' म्हणून सुरू होते, हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला होता. ती खाली मान घालून गरे सोलत होती. शेवटी तिला एकही प्रश्न अडेनासा झाला. मी खूश. माझी विद्यार्थिनी पास होणार होती.

पुढच्या खेपेला ती डिसेंबरात आली, नेमकी निवडणुकीत. मतदानाच्या सकाळी मी खाली पक्षवाल्यांनी मांडलेल्या टेबलावरून दोघींच्या नावांच्या चिठ्ठ्या आणल्या. तिचं नाव यादीत होतंच. "चल, उठ, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ." ती पलंगावरून हलली नाही.

"विमे, मला नाही देता येणार मत."

"का? नाव आहे की. हे बघ."

"नाव असू दे. मी तिकडची झाले. शपथ घेतली."

"कधी?"

"तू अभ्यास घेतलास ना... त्यानंतर."

मी खुर्चीत बसले. त्या शपथेत काय असतं ते मला ठाऊक होतं, तरी विचारलं, "इथलं सगळं सोडलं, असं म्हणावं लागतं?"

"म्हणावं लागतं."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांबरोबर. मोठ्यानं." मग म्हणाली, भावाला, वहिनीला, पोरांना बोलवून घ्यायचं होतं, नागरिक झाल्याशिवाय भावाला आणता येत नाही.

"मग हॉस्पिटलची परीक्षा म्हणून मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू शिकवलं नसतंस."

नसतंच शिकवलं. तिला जायचं होतं तर जायचं होतं, मी कोण अडवणारी? पण माझ्यापासून सुटायचे धडे तिनं माझ्याकडूनच घोटून घेतले, माझ्याच गॅलरीत बसून... हे मी तिला माफ केलेलं नाही. ती गेली म्हणूनही करणार नाही. खोटं मत मात्र तिनं दिलं नाही, एवढं तिच्या बाजूनं लिहिते. त्या दिवशी मी एकटी गेले. पुढे तिची दिवाळीला कार्डं यायची, मी उत्तर द्यायची नाही, आणि दर रविवारी रागारागानं तिच्या खिडक्या उघडायची.

परवा पुन्हा मतदान झालं. खालच्या टेबलावरच्या माणसानं सवयीनं दोन चिठ्ठ्या काढल्या. तिची मी परत केली. "हे नाव काढायला सांगा. त्या वारल्या." त्यानं बरं म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवली. शाळेत रांग मोठी, मताचं वय एकवीसवरून अठरावर आणलेलं, म्हणून या वेळी अठराच्या पोरीही पहिल्यांदाच आलेल्या. अशीच एक माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मागे एक जण आहे हं." पोरगी गुणाची. एक पाऊल मागे सरकली. रांग पुढे जात राहिली, आणि आमच्या दोघींमधली तेवढी जागा तिनं तशीच ठेवली. दाराशी पोचलो तेव्हा मात्र तिला राहवेना.

"मॅडम, त्या आल्याच नाहीत."

"येते म्हणाली होती," मी म्हटलं आणि आत गेले.