तांबडी तारेच्या आत होती

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पाऊणच्या सुमारास, खुलताबादच्या डोंगराखाली एका मक्याच्या शेतात माझ्या धाकट्या बहिणीची कुत्री वीज सोडलेल्या तारेच्या आत अडकली.

आम्ही सकाळी सातला पठारावरून निघालो होतो. मी, बहीण आणि तिचे दोन कुत्रे: एक म्हातारा काळा आणि पुंडलिकनगरच्या गल्लीत सापडलेली, दोन वर्षांची तांबडी. उतरायची घळ सुट्या दगडांची होती. दोन ठिकाणी बसून, हात टेकत उतरावं लागलं. गवत वाळलेलं होतं. मोज्यांतली आणि कुत्र्यांच्या पंजांतली कुसळं काढायला सारखं थांबणं होत होतं. अकराला पाणी संपलं.

"काळ्याला दम लागलाय," मी म्हणालो.

"काळ्याच्या नावावर तूच बसून घे, दादा," बहीण म्हणाली.

घळ संपली तिथे मका सुरू झाला. शेताच्या कडेने खुंट्यांवर, गुडघ्याखाली, एक उघडी तार ओढलेली होती. ससा दिसला आणि तांबडी तारेखालून आत गेली. काही झालं नाही. आम्ही बांधावर टेकलो.

मग खाली विहिरीवरचा पंप आपोआप सुरू झाला.

सोयाबीनच्या गंजीकडून एक शेतकरी हात हलवत पळत आला. "तारंला शिवू नका! लाईट आली!"

शेतीची वीज तिकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. रानडुकरं रात्री येतात, म्हणून त्याने विजेच्या लाइनीवर आकडा टाकून तार जोडली होती. दिवसा वीज नसतेच, म्हणून सकाळी आकडा काढला नव्हता. पाळी सोमवारी बदलायची होती. वीज एक दिवस आधी का आली, ते मला नंतरही कळलं नाही.

"आमची कुत्री आत आहे," बहीण म्हणाली.

"मंग हाक मारू नका, ताई. बिलकुल नाय. माझं कुत्रं माझ्याच हाकंला आलं व्हतं."

"आकडा काढा ना!"

"बांबू विहिरीवर हाय. खांब त्याच्याबी पलीकडं." तो उताराने पळत सुटला.

शीळ ऐकली की असेल तिथून धावत यायचं, हे तांबडीला बहिणीनेच शिकवलं होतं. त्याला सहा महिने लागले होते. काळ्याच्या भुंकण्यालाही ती यायची. काळ्याने मान वर केली तेव्हा मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड आवळून धरलं. तो आतल्या आत घुरघुरत राहिला.

मका हलला. तारेपासून दोन पावलांवर तांबडीचं डोकं बाहेर आलं. आम्हाला बघून तिने शेपूट हलवली.

एका हाताने काळ्याला धरून मी मक्यात आत, लांब फेकायला पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला.

"फेकू नको," बहीण ओठ न हलवता म्हणाली. "आणून देईल ती."

तांबडीला दिसू नये म्हणून बहीण बांधाआड पालथी पडली, कुसळांत तोंड घालून. काळ्याला धरल्यामुळे मला आडवं होता येत नव्हतं. तांबडी माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले आणि लगेच उघडले. ती एक पाऊल पुढे आली होती.

तेवढ्यात पंपाचं पाणी सरीतून तिच्या पायाशी पोचलं. ती खाली वाकून प्यायला लागली. पाणी तिला ओलांडून तारेकडे सरकलं. एक ओलं पातं तारेला टेकलेलं होतं, तिथे चरचर असा बारीक आवाज सुरू झाला. विहिरीपलीकडे माणूस दिसत नव्हता. बहीण जमिनीत तोंड घालून विचारत होती, "काय करतीय? दादा, काय करतीय?"

"पितीय."

"अजून?"

"अजून."

मग ती प्यायची थांबली. पाणी झटकलं. तारेकडे वळली.

चरचर बंद झाली. खालून ओरडणं आलं, "काढला!"

बहीण उठली नाही. "खरंच काढला का, विचार."

मी विचारलं. उत्तर आलं नाही. तांबडी तारेचा वास घेत होती. तिचं नाक आणि तार यांत चार बोटांचं अंतर होतं. शेतकरी खांद्यावर बांबू घेऊन धापा टाकत वर आला. त्याने हाताची उलटी बाजू तारेला लावली. मग तार मुठीत धरली.

"बोलवा आता," तो म्हणाला.

बहिणीने उठून शीळ घालायला ओठ जुळवले. आवाज निघाला नाही. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तेवढ्यात तांबडी स्वतःच तारेखाली शिरली. तिची ओली पाठ तारेला घासली. ती बाहेर आली.

पंप अजून चालू होता.